भिंतीवरची आई

फ्लोरेन्स, २० मार्च १५६२

मेनिकाताई,

तुझ्या लात्तोचा वाकून नमस्कार. इतक्या वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. मी धडधाकट आहे, फक्त मान वाकडी झाली आहे. दिवसभर ड्यूकसाहेबांच्या महालाची छतं रंगवतो. उताणं पडून देवदूत काढायचे आणि त्यांच्या पायांचा रंग आपल्या दाढीत घेऊन घरी यायचं, असा संसार चाललाय.

पत्राचं कारण वेगळं आहे. मी एक पुस्तक लिहायला घेतलंय. आपल्या मुलखात जे जे चित्रकार आणि मूर्तिकार होऊन गेले, त्यांची चरित्रं. माणसं मरतात, त्यांच्यामागून त्यांना ओळखणारी मरतात, आणि मग एखाद्या चित्रापुढे उभं राहून लोक विचारतात, हे कुणी काढलं बुवा? मला ते सहन होत नाही. मोठमोठ्या नावांचं लिहून झालं. आता तुझ्या बाबांची पाळी. बोर्गो आल्तोच्या उस्ताद नोफ्रींवर मी नाही लिहायचं तर कुणी? या हाताला ब्रश त्यांनी धरायला शिकवला, आणि नीट धरला नाही की त्याच ब्रशच्या दांड्याने टाळकं शेकलं.

काल लिहिता लिहिता तुमचं स्वयंपाकघर आठवलं. ती अंडी आठवतात का गं? शहरातल्या कोंबडीचा बलक फिकट, तो तरुण चेहऱ्यांच्या रंगात. गावठी कोंबडीचा तांबूस, तो म्हाताऱ्या संतांना. आणि उरलेलं पांढरं सगळं आपल्या ताटात! तुझी आई, आमच्या लेनाकाकू, पळी आपटून म्हणायच्या, “पिवळं संतांना, पांढरं पोरांना. या घरात अख्खं अंडं काय ते कोंबडीलाच माहीत!” ड्यूकच्या पंगतीला मोराचं मांस खातो मी आता, पण तो पांढरा पोळा काही विसरता येत नाही.

तर मला कळव. उस्तादांचा जन्म कधीचा, ते काय बोलायचे, गेले कसे. लहानपणी मेंढ्या राखता राखता दगडावर कोळशाने चित्र काढलं आणि वाटेने जाणाऱ्या एखाद्या मोठ्या चित्रकाराने ते पाहिलं, असं काही घडलं असेल तर फारच उत्तम. वाचणाऱ्यांना आवडतं.

तुझा
लात्तान्झियो


आंकोना, २ मे १५६२

लात्तो,

देव तुला उदंड आयुष्य देवो, आणि त्यात मावेल एवढी अक्कलही देवो.

तुझं पत्र आलं तेव्हा मी अंगणात बाकल्याच्या शेंगा सोलत होते. जावयाने वाचून दाखवलं. मग त्याला आमच्या कापड रंगवायच्या हौदाकडे पिटाळला आणि मी एकटीने पुन्हा वाचलं. बाबांनी संतांच्या डोक्यामागच्या वलयांवर नावं लिहायला मला शिकवलं होतं ना, तेवढंच वाचन अजून पुरतंय. पांढऱ्या पोळ्यापाशी आले आणि हसू का रडू कळेना. शेंगा तशाच राहिल्या.

आता तुझ्या मेंढ्या. मेल्या, माझे आजोबा चीज विकायचे! बाबांना लांबून मेंढी दिसली तरी शिंका यायच्या. बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या मेंढपाळांचं चित्र काढायचं होतं तर सगळी मेंढरं तू काढलीस, आणि ती कुत्र्यांसारखी दिसतात म्हणून गावभर हसं झालं. तेव्हा चित्रकार होणाऱ्या मुलाने मेंढ्या राखल्याच पाहिजेत असं काही नाही. गेले कसे विचारतोस? चाळीस दिवस उपास काढला, ईस्टरला कोकराच्या मटणावर तुटून पडले, आणि तिसऱ्या दिवशी आटोपले. समाधानाने गेले. तुला काही भव्य हवं असेल, पण माझ्याकडे एवढंच आहे.

आईचं मात्र काय सांगू? ती तापाने गेली तेव्हा तू फ्लोरेन्सला जाऊन बसला होतास. तिचं एक साधं रेखाटनसुद्धा आमच्याकडे नाही. बाबा जन्मभर दुसऱ्यांच्या बायकांचे चेहरे काढत राहिले, तिचा काढायचा नेहमी उद्यावर. ती आहे फक्त सान्ता आन्नाच्या चर्चमधल्या त्या भिंतीवर. मारियामातेच्या जन्माचं चित्र बाबांनी तू गेल्यावर काढलं, पण तू पाहिलंच असशील.

माझे गुडघे गेले, लात्तो. मधे एवढे डोंगर. आता मी तिकडे काही जात नाही. पण दुपारी डोळे मिटून पडले की जाऊन येते. दारातून शिरते, पवित्र पाण्यात बोटं बुडवते, डावीकडे वळते, आणि आई दिसते. डोळे उघडले की तिचा चेहरा धुतल्यासारखा जातो. परत जाऊन बघावा लागतो. म्हातारपणी एवढी एकच ऐश उरली आहे.

तुझं कधी गावी जाणं झालं तर आईला माझा निरोप सांग. म्हणावं, मेनिका बरी आहे.

मेनिका


फ्लोरेन्स, १८ जून १५६२

मेनिकाताई,

शिंकांचं वाचून इतका हसलो की मदतनिसांना वाटलं परांचीवरून पडतोय. पण ते छापता येणार नाही गं. मेंढ्या राहू देत. कुणाचं काय नुकसान आहे? मटणाच्या जागी ‘दीर्घ श्रमांनी थकून’ असं लिहिलंय.

तुझा निरोप पोचवला. मागच्या महिन्यात एका कामासाठी बोर्गो आल्तोला जावं लागलं. काकूंसमोर टोपी काढून उभा राहिलो आणि म्हटलं, मेनिका बरी आहे. पेठ तशीच आहे. आपल्या कारखान्यात आता खोगीरवाला बसतो, पण भिंतीला नाक लावलं तर ओल्या चुन्याचा वास अजून येतो. लावलं मी नाक. खोगीरवाला बघत राहिला.

उस्तादांची भिंत मात्र थकली आहे. ओल चढली आहे, वरचा निळा रंग पोपडे धरून गळतोय. शिवाय काळ बदलला, ताई. बिशपसाहेबांना चर्च कसं मोकळं, लख्ख उजेडाचं हवं असतं. लोकांनी जुनी चित्रं न्याहाळत कोपऱ्यात उभं राहू नये, सगळ्यांची नजर वेदीकडे लागावी, अशी आता रीत आहे. ठिकठिकाणी भिंती काढून खिडक्या करतायत. तू मनाला लावून घेऊ नकोस. भिंती काय, आज आहेत उद्या नाहीत. पुस्तक राहतं. उस्ताद माझ्या पुस्तकात राहतील.

उन्हाळा इथे फार आहे. तुझ्या समुद्राचा हेवा वाटतो.

तुझा
लात्तो


आंकोना, १ ऑगस्ट १५६२

लात्तान्झियो,

काल आपल्या गावच्या मठातले फ्रा जिनेप्रो भिक्षा मागत आले होते. तेच ते, लहानपणी आपल्या जर्दाळूच्या झाडावर चढून अडकले होते. म्हातारे झालेत पण तोंड अजून थांबत नाही. पाव आणि वाइन पुढे ठेवली आणि विचारलं, गावाकडची खबर काय?

म्हणाले, सान्ता आन्नाची डावी भिंत पाडणार आहेत, खिडकीसाठी. मी विचारलं, आराखडा कुणाचा? म्हणाले, फ्लोरेन्सहून कुणी बडे साहेब आले होते. मखमलीचा डगला, बोटांत अंगठ्या, तोंडाला खळ नाही, आणि खोगीरवाल्याच्या दुकानात जाऊन भिंत हुंगत होते. मखमल मला नवी होती, लात्तो. बाकीचा माणूस लगेच ओळखला.

“एका कामासाठी जावं लागलं” म्हणे! एवढं मोठं पत्र लिहिलंस, चुन्याचा वास लिहिलास, उन्हाळा लिहिलास, आणि काम कुठलं ते तेवढं गिळलंस. एका हाताने बाबांचं चरित्र लिहितोस आणि दुसऱ्या हाताने त्यांची भिंत पाडतोस? आणि वर मलाच शहाणपण, की मनाला लावून घेऊ नकोस. लाज कशी वाटली नाही रे? आईच्या समोर उभा राहून टोपी काढलीस, आणि खिशात काय होतं, तर तिच्या भिंतीचा आराखडा.

तुझं पुस्तक मला नको. त्यात बाबा किती थोर होते ते तू लिहिशील. आईचं नाक कसं होतं ते लिहिणार आहेस? हसताना ती तोंडावर हात का धरायची ते लिहिणार आहेस? बाबांची चित्रं इतर चर्चमध्येही आहेत, ती राहतील नाहीतर जातील. आई एकाच ठिकाणी आहे.

तू मोठा माणूस झालास ना? मग दाखव मोठेपणा. ड्यूकच्या पाया पड, बिशपच्या पड, काय वाटेल ते कर. मला माझी आई पाहिजे.

मेनिका


फ्लोरेन्स, ३ सप्टेंबर १५६२

मेनिकाताई,

शिव्या खाल्ल्या. पोटभर खाल्ल्या. तुझ्या घरातून उपाशी कधी गेलोच नाही मी.

मी नाही म्हटलं असतं तर काम दुसऱ्या कुणाला मिळालं असतं, आणि त्याने मागचापुढचा विचार न करता कुदळ घातली असती. हे खरं आहे. पण तुला सांगितलं नाही, कारण तू असंच पत्र लिहिशील याची खात्री होती. तेही खरं आहे.

भिंत वाचवणं माझ्या हातात नाही. खिडकीचे दगडसुद्धा घडून तयार आहेत. पण ऐक. चेक्को नावाचा एक गवंडी आहे, त्याने पूर्वी एका मठात भिंतीचा तुकडा गिलाव्यासकट, मागच्या विटांसकट करवतीने कापून उचललाय. रंगाला ओरखडा नाही. दाराएवढा तुकडा काढता येईल म्हणतो. त्याहून मोठा काढायला गेलं तर सगळंच कोसळेल. बिशपसाहेबांची परवानगी मी काढली आहे. कशी काढली ते विचारू नकोस, त्यांच्या भाच्याचं एक चित्र मला फुकट काढावं लागणार आहे, आणि भाचा फार कुरूप आहे.

कुठला तुकडा ते मला सांगायला नको. पलंगावर उशीला टेकून बसलेली सान्ता आन्ना, मारियामातेची आई. तो लांबट, शांत चेहरा, जणू सगळं घर तिच्या शब्दाबाहेर नाही. कितीतरी चित्रकारांची चरित्रं लिहिली मी, ताई. प्रत्येकाने आपल्या बायकोला मारियामातेच्या नाहीतर मुख्य संतिणीच्या जागी बसवलंय. उस्तादांच्या चरित्रातही मी लिहून टाकलं आहे, ‘आपल्या प्रिय पत्नीला त्यांनी सान्ता आन्नाच्या रूपात अमर केलं.’ वाचशील तेव्हा तुला आवडेल.

तुझ्या उत्तरासाठी थांबता येत नाही. पाऊस लागला की गिलावा ओल धरेल आणि कापताना भुगा होईल. उद्याच निघतो. स्वतः उभा राहून काम करून घेईन. काकू तुझ्या घरी येतील, हा माझा शब्द.

तुझा
लात्तो


आंकोना, २४ सप्टेंबर १५६२

लात्तो, थांब!

हे हातात पडेल तिथे थांब. चेक्कोला करवत खाली ठेवायला सांग. पलंगावरची बाई आई नाही!

अरे देवा, तुझं पत्र इतक्या उशिरा का पोचावं! पलंगावर मोन्ना तेस्सा आहे, तेलवाल्याची बायको. चित्राचे पैसे तिच्या नवऱ्याने दिले होते, अट हीच की सान्ता आन्ना तिलाच करायची. आणि रोज येऊन बाबांकडून नाक बारीक करून घ्यायची. गिलावा वाळला की नाक बारीक होत नाही गं बाई, दर वेळी खरवडून नव्याने काढावं लागतं, म्हणून बाबा वैतागून जायचे. आई तिला ‘तेलाची बरणी’ म्हणायची. तू तिच्यापुढे टोपी काढून माझा निरोप सांगितलास?

आई खाली आहे, पलंगासमोर. बाळाला न्हाऊ घालायला वाकलेली बाई. डोक्याला फडकं, बाह्या वर खोचलेल्या, गोल तोंड, बसकं नाक. पाणी फार कढत नाही ना ते बघतेय. बाबांनी तिला खूप विनवलं होतं, “लेना, तेस्साला समजावतो, तू हो सान्ता आन्ना.” तर म्हणाली, “पलंगावर बसून राहायला मला वेळ कुठला? काम करताना काढा काय काढायचं ते.” आणि बाबांनी तसंच काढलं.

तू तिच्या हातचं जेवलास, तिने तुझ्या डोक्यातल्या उवा काढल्या. तुला तिचा चेहरा आठवत नाही, हे सरळ लिहायचं होतंस रे. मी रागावले नसते. मी सांगितलं असतं.

गावाकडे जाणारं कुणी मिळेना, म्हणून हे फ्लोरेन्सला निघालेल्या घोडेस्वाराबरोबर पाठवतेय, तिथून कुणीतरी गावी पुढे धाडो. गोल तोंड, बसकं नाक. थांब.

मेनिका


बोर्गो आल्तो, २९ सप्टेंबर १५६२

मेनिकाताई,

फत्ते! तुकडा निघाला, सबंध निघाला, एक पोपडासुद्धा उडाला नाही. हे तुला गावातूनच लिहितोय, फ्लोरेन्सला अजून गेलो नाही, त्यामुळे तुझं काही पत्र आलं असेल तर ते तिथे माझी वाट बघत असेल. राग गेला असेल असं धरून चालतो.

चेक्को मोठा कसबी गडी. म्हणाला, साहेब, एका दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा लावतात, तो मधून कापायचा नाही, फुटतो. जिथे त्या दिवशीचं काम संपलं त्या सांध्यानेच जायचं. मग आम्ही दोघं मेणबत्ती तिरपी धरून उस्तादांचे सांधे शोधत बसलो. काय सांगू तुला! बोटांनी चाचपलं की कळायचं, इथे त्यांनी दिवस संपवला, इथे जेवायला उशीर झाला, इथे अंधार पडत आला म्हणून घाई केली. उस्ताद जिवंत असताना त्यांचं काम इतक्या जवळून मी कधी बघितलं नव्हतं. ते असते तर म्हणाले असते, बघतोस काय, चुना कालव!

त्या सांध्यामुळे सान्ता आन्नाबरोबर खाली डावीकडचं थोडं जास्तीचं आलंय, न्हाणीचं भांडं वगैरे. सुताराकडून चौकट करून घेशील तेव्हा ते झाकून टाक म्हणजे चित्र नीटस दिसेल.

बाकीची भिंत दुसऱ्याच दिवशी पाडली. दगडविटा नदीच्या बांधावर गेल्या. मी बघायला थांबलो नाही. धूळ फार होती, आणि मला रडू आलेलं मजुरांनी बघायला नको होतं.

पेटी गवतात बसवून गाडी काल निघाली. काकू निघाल्या, ताई. दार मोठं उघडून ठेव.

तुझा
लात्तो


फ्लोरेन्स, ६ ऑक्टोबर १५६२

ताई,

घरी आलो. टेबलावर तुझं पत्र होतं.

बांधावर माणसं धाडली आहेत, पण त्यांना काही मिळणार नाही हे मलाही माहीत आहे आणि तुलाही. रंगीत माती मिळेल.

मला चेहरा आठवत नव्हता. आवाज आठवत होता, पळी आठवत होती, वाफाळतं पातेलं आठवत होतं, पण तोंडाच्या जागी काही येईना. इतक्या लोकांचे चेहरे काढणाऱ्या मला त्याची लाज वाटली. मग मी माझ्याच लिहिण्यावर भरवसा ठेवला. शंभर जणांबद्दल तेच वाक्य लिहिलं की ते खरं वाटायला लागतं गं.

‘प्रिय पत्नीला अमर केलं’ हे वाक्य खोडलं. तिथे जागा मोकळी सोडली आहे. तिथे काय लिहू ते तू सांग. नाही सांगितलंस तरी चालेल. मला पत्र लिहिलं नाहीस तरी मी समजून घेईन.

लात्तान्झियो


आंकोना, सेंट मार्टिनचा सण, ११ नोव्हेंबर १५६२

लात्तो,

पत्र का नाही लिहिणार? माझ्या घरात तेलाची बरणी आणून बसवलीस, ते कुणाला सांगू?

गाडी परवा आली. सहा हमालांनी पेटी आत घेतली, गवत काढलं, आणि मोन्ना तेस्सा प्रकट झाली. अजून तशीच! उशीला टेकलेली, नाक वर, माझ्या स्वयंपाकघराकडे अशी बघतेय की जणू इथे झाडलंच नाही कुणी. जावई म्हणाला, “वा, आजी किती सुंदर होत्या!” त्याला मी काय बोलले ते लिहीत नाही. तू पुस्तकात घालशील.

मग मी सगळ्यांना बाहेर घालवलं आणि खूप रडले. तुझ्यावर ओरडून झालं, बाबांवर झालं, आईवरसुद्धा झालं. दोन घटका पलंगावर बसली असतीस तर काय बिघडलं असतं गं, म्हणून. नंतर डोळे मिटून चर्चमध्ये गेले. दारातून शिरले, डावीकडे वळले, आणि तिथे तुझी खिडकी होती. नुसता उजेड. आता तिथेही ती दिसत नाही.

तुझ्या मोकळ्या जागेचं सांगते. तिथे लिही, ‘त्यांची बायको बसायला तयार नव्हती.’ एवढंच लिही. आणि मेंढ्या काढून टाक. शिंका घाल.

आज सणाची नवी वाइन आली, चेस्टनट भाजले, शेजारणी येऊन सान्ता आन्नाला मेणबत्त्या लावून गेल्या. सगळे गेल्यावर मी फडकं घेऊन धूळ पुसायला बसले. तुझं ते जास्तीचं आलेलं, भांडं वगैरे, ते पुसत होते. पुसता पुसता थांबले.

लात्तो, भांड्यात हात आहे.

मनगटापर्यंत. चेक्कोची करवत बरोबर मनगटावरून गेलीय. बाबांनी तो हात भांड्याबरोबर, पाण्याबरोबर त्याच दिवशी काढला असणार, आणि बाकीची आई दुसऱ्या दिवशी. बोटं पाण्याला जेमतेम टेकलेली आहेत. करंगळीवर भाजल्याचा डाग आहे, तो बाबांनी सोडला नाही. तेस्साच्या नाकावर वेळ घालवला नसता तर अजून काय काय काढलं असतं कोण जाणे.

मी दिवा जवळ घेतला आणि माझा हात तिच्या हाताशेजारी धरला. माझी नखं रंगाने निळी, कातडीवर डाग, सांधे सुजलेले. तिचा हात कसा भरलेला, गुळगुळीत. हे चित्र काढलं तेव्हा ती आता माझी धाकटी लेक आहे त्याहूनही लहान होती, आणि मी जन्मभर तिला म्हातारी समजत आले. मग मीच तिला म्हटलं, झालं गं पोरी, पाणी कोमट आहे. काढ आता हात.

मेनिका